कागदामागचा ठिपका : जॉर्जियाची निवडणूक, अंबाजोगाईचा वर्ग

राज्यशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला मी दरवर्षी एक तरी निवडणूक मुळापासून वाचायला लावतो. निकाल नव्हे, निवडणूक. यादी कुणी केली, मतपत्रिका कशी होती, पेटी कुणासमोर उघडली, कोण बघत उभं होतं, इथपासून. अंबाजोगाईत माझ्यासमोर बसणारी बरीचशी मुलं केज, धारूर, परळी, रेणापूर या बाजूच्या खेड्यांतली. निवडणूक त्यांनी लहानपणापासून घरात, पारावर, जीपमध्ये बघितलेली असते. ती पुस्तकातल्या निवडणुकीशी जुळत नाही, एवढीच अडचण. म्हणून या वेळी मुद्दाम लांबचं प्रकरण घेतलं: जॉर्जियाची २६ ऑक्टोबर २०२४ ची संसदीय निवडणूक आणि ती बघायला आलेले आंतरराष्ट्रीय निरीक्षक. देश लांबचा असला की मुलं पक्ष आणि जात बाजूला ठेवून वाचतात. तरी चर्चा शेवटी बीड जिल्ह्यातच येऊन थांबली.

प्रकरण

जॉर्जिया हा काळ्या समुद्राच्या पूर्वेकडचा छोटा देश, १९९१ साली सोव्हिएत संघातून बाहेर पडलेला. मतदार सुमारे ३५ लाख. आपल्या बीड आणि लातूर लोकसभा मतदारसंघांतले मतदार मिळून याहून जास्त भरतात. संसदेत १५० जागा. या निवडणुकीत पहिल्यांदाच सगळ्या जागा पक्षांच्या यादीला मिळालेल्या मतांच्या प्रमाणात वाटायच्या होत्या आणि पाच टक्क्यांच्या आत राहिलेल्या पक्षाच्या हाती काहीच लागणार नव्हतं. ‘जॉर्जियन ड्रीम’ हा अब्जाधीश बिद्झिना इवानिश्विली यांनी उभा केलेला पक्ष २०१२ पासून सत्तेत. समोर विरोधकांचे चार मोठे गट.

निवडणुकीच्या पाच महिने आधी एक कायदा झाला होता. ज्या स्वयंसेवी संस्थांचा आणि माध्यमांचा २० टक्क्यांहून जास्त पैसा परदेशातून येतो, त्यांनी परकीय शक्तीचे हित पुढे नेणारे म्हणून नाव नोंदवायचं. राष्ट्राध्यक्ष सालोमे झुराबिश्विली यांनी नकाराधिकार वापरला, संसदेने तो २८ मे २०२४ रोजी मोडून काढला. निवडणूक बघणाऱ्या स्थानिक संस्थांचा पैसा बव्हंशी बाहेरूनच यायचा. म्हणजे पंच मैदानात उतरण्याआधीच त्याच्या पाठीवर चिठ्ठी चिकटवली गेली होती. वर्गातल्या एका मुलाने हे पहिल्या वाचनात पकडलं, मला फार बरं वाटलं.

आता मतदानाची रीत. जवळपास तीन चतुर्थांश केंद्रांवर यंत्रं बसवली होती आणि सुमारे ९० टक्के मतदार त्या केंद्रांवर मतदान करणार होते. मतदाराची ओळख यंत्रावर पटली की त्याला कागदी मतपत्रिका मिळायची. आडोशाला जाऊन पक्षाच्या क्रमांकासमोरचं वर्तुळ मार्करने भरायचं, मतपत्रिका कागदी आवरणात घालायची, बाहेर येऊन ती मोजणी यंत्राच्या फटीत सरकवायची. यंत्र खूण वाचतं आणि कागद खाली पेटीत पडतो. आपल्याकडे मतदार बटण दाबतो आणि कागद यंत्र छापतं, व्हीव्हीपॅटच्या काचेमागे सात सेकंद चिठ्ठी दिसते. तिथे कागद मतदार भरतो आणि यंत्र वाचतं. हा फरक आधी नीट समजून घेतला नाही तर पुढचं काहीच कळत नाही, म्हणून मी फळ्यावर दोन्ही चित्रं काढली आणि अर्धा तास तिथेच थांबलो.

निरीक्षक म्हणजे नेमकं कोण

आमच्या मुलांच्या डोक्यात ‘निरीक्षक’ म्हटलं की लाल-पिवळ्या दिव्याच्या आठवणीतली गाडी, बाहेरच्या राज्यातला आयएएस अधिकारी आणि धावपळ करणारे तहसीलदार. तो आपल्या निवडणूक आयोगाचा निरीक्षक. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २०-ब खाली नेमलेला, आणि विशिष्ट परिस्थितीत मतमोजणी थांबवायला सांगू शकणारा. आंतरराष्ट्रीय निरीक्षकाला यातलं काहीही करता येत नाही. तो मतदान थांबवू शकत नाही, चूक दिसली तरी दुरुस्त करा असा हुकूम देऊ शकत नाही. बघायचं, विचारायचं, लिहायचं.

जॉर्जियात असे ५२९ जण होते, ४२ देशांतले. त्यांतले ३८० जण ‘ओडीर’ या कार्यालयाने आणलेले. हे युरोपातील सुरक्षा आणि सहकार्य संघटनेचं निवडणुकांचं काम बघणारं कार्यालय, मुख्यालय वॉर्सात. बाकीचे वेगवेगळ्या आंतरराष्ट्रीय संसदीय मंडळांतून आलेले. बोलावणं जॉर्जियाचंच होतं. १९९० च्या कोपनहेगन दस्तऐवजात या संघटनेच्या देशांनी आपल्या निवडणुका बाहेरच्यांना बघू देण्याचं मान्य केलेलं आहे.

कामाची पद्धत मला फार आवडते. काही जण महिना-दीड महिना आधी येऊन जिल्ह्याजिल्ह्यांत राहतात. प्रचार, तक्रारी, माध्यमं, पैसा बघतात. बाकीचे मतदानाच्या आगेमागे येतात. ते दोघादोघांच्या जोडीने फिरतात आणि जोडीतले दोघे वेगवेगळ्या देशांचे असतात. दिवसभरात जोडी आठ-दहा केंद्रं करते. प्रत्येक केंद्रावर थोडा वेळ थांबायचं आणि छापील अर्ज भरायचा: रांग कशी, आत कोण अनधिकृत माणूस दिसला का, पेटीला सील आहे का, मत गुप्त राहतंय का. असे शेकडो अर्ज रात्रभरात एकत्र होतात आणि दुसऱ्या दिवशी प्राथमिक निवेदन निघतं. पूर्ण अहवालाला पुढे दोनेक महिने लागतात.

या निवेदनात ‘मुक्त आणि न्याय्य’ हा शिक्का शोधून सापडत नाही. ओडीर तो वापरतच नाही. मुलांना हे अजिबात पटलं नाही. “सर, मग पास का नापास ते सांगणार कोण?” असा प्रश्न आला. परीक्षेच्या देशात वाढलेल्या पोरांचा प्रश्न, आणि मी त्याला वाईट म्हणणार नाही. पण या प्रकरणातला सगळा गोंधळ नेमका तिथूनच सुरू झाला.

२७ ऑक्टोबर

राजधानी तिबिलिसीत २७ तारखेला प्राथमिक निवेदन वाचलं गेलं. त्याचं सार असं: मतदारांपुढे निवड भरपूर होती, मतदानाचा दिवस कार्यपद्धतीच्या अंगाने बहुतेक सुरळीत पार पडला, पण मैदान समपातळीत नव्हतं, वातावरण ताणलेलं होतं, मतदारांवर, विशेषतः सरकारी नोकरांवर दबाव आल्याच्या बातम्या होत्या आणि मताची गुप्तता वारंवार धोक्यात आली.

अधिकृत निकालात जॉर्जियन ड्रीमला सुमारे ५४ टक्के मतं आणि ८९ जागा. बाकीच्या चार गटांना १९, १६, १४ आणि १२. सत्ताधाऱ्यांनी निवेदनातलं ‘सुरळीत’ उचललं, विरोधकांनी ‘दबाव’ उचलला. झुराबिश्विली यांनी निकाल मान्य करायला नकार दिला. हंगेरीचे पंतप्रधान विक्टर ओर्बान दुसऱ्याच दिवशी तिबिलिसीत अभिनंदनाला हजर. एकाच कागदाचे दोन तुकडे करून दोन्ही बाजू दोन दिशांना गेल्या.

मी वर्गाचे दोन गट केले आणि त्याच निवेदनावरून एकाला सरकारची, दुसऱ्याला विरोधकांची पत्रकार परिषद घ्यायला लावली. दोन्ही गट दणक्यात बोलले. निवेदनात एक आकडा होता, २४ टक्के. तो कुठल्याच गटाने घेतला नाही.

निरीक्षकांनी जिथे जिथे मतदान बघितलं, त्यांतल्या २४ टक्के नोंदींत मताची गुप्तता भंग पावण्याची शक्यता दिसली होती, मुख्यतः मतपत्रिका यंत्रात सरकवण्याच्या रीतीमुळे. जवळजवळ चारांत एक. पेट्या पळवल्या, मतपत्रिका कोंबल्या, याच्या चित्रफिती फिरतात. मार्नेउली भागातल्या सादाख्लो गावातली तशी चित्रफीत जगभर गेलीही. पण यंत्राच्या फटीपाशी उभा राहिलेला, हातातला कागद उलटा धरावा की सुलटा हे न कळणारा माणूस चित्रफितीत काही विशेष दिसत नाही. तो फक्त अर्जावरच्या चौकटीतल्या खुणेत सापडतो.

मार्करचा प्रयोग

दुसऱ्या तासाला मी झेरॉक्सचे साधे कागद आणि फळ्यावरचा मार्कर नेला. कागदावर पाच वर्तुळं काढली आणि त्यांना तिथल्या पाच मोठ्या यादींचे खरे क्रमांक दिले: ४, ५, ९, २५ आणि सत्ताधाऱ्यांचा ४१. एका मुलाला कोपऱ्यात पाठवून एक वर्तुळ भरायला सांगितलं. तो कागद छातीशी धरून, कोरी बाजू आमच्याकडे करून, टेबलापर्यंत चालत आला. चार पावलं. शाई मागे उतरली होती. पहिल्या बाकावरच्या मुलीने तो टेबलाशी पोचायच्या आत सांगितलं, “पंचवीस.” अक्षर दिसायची गरजच नव्हती. ठिपका कागदाच्या कुठल्या भागात आहे, एवढं पुरलं.

जॉर्जियात हेच झालं होतं. जाड शाईचा ठिपका मागून दिसतो, ही तक्रार घेऊन तिथल्या तरुण वकिलांची संघटना न्यायालयात गेली. ४ नोव्हेंबरला तेत्रित्स्कारोच्या जिल्हा न्यायालयाने ती मान्य करून तेत्रित्स्कारो आणि त्साल्का इथल्या ३० केंद्रांचे निकाल रद्द ठरवले. अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला. १६ नोव्हेंबरला केंद्रीय निवडणूक आयोगाच्या बैठकीत अंतिम निकालावर शिक्कामोर्तब होत असताना विरोधी पक्षाच्या एका सदस्याने अध्यक्षांच्या अंगावर काळा रंग ओतला. अंतिम निकाल मात्र त्याच दिवशी जाहीर झाला.

मधल्या काळात आयोगाने सुमारे १४ टक्के केंद्रांतली मतं पुन्हा मोजली होती. आकडे जवळपास तेच आले. वर्गातल्या हुशार मुलांनी इथे वही मिटायला घेतली: फेरमोजणी झाली, आकडे जुळले, विषय संपला. मी म्हटलं, थांबा. फेरमोजणी कशाची होते? पेटीत पडलेल्या कागदांची. निरीक्षकांची नोंद पेटीबाहेरच्या चार पावलांची होती. त्या चार पावलांत ज्याला वाटलं की आपलं बघतायत, त्याने आडोशाच्या आतच वेगळं वर्तुळ भरलं असेल, तर ते मत शंभर वेळा मोजलं तरी शंभर वेळा तेच येणार. भीती मतपत्रिकेवर उमटत नाही. ती मोजायची असेल तर मतदान चालू असताना कुणीतरी तिथे उभं असावं लागतं. निरीक्षकांचं खरं मोल मला इथे दिसतं, आणि त्याच जागेवर या प्रकरणाची चर्चा सगळ्यात कमी झाली, याची मला मनापासून खंत वाटते.

“आमच्याकडं तर कळतंयच की”

मार्करचा कागद हातोहात फिरत मागच्या बाकावर गेला. धारूर तालुक्यातली एक मुलगी बराच वेळ तो धरून बसली होती. तिचे आईवडील कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जातात. दिवाळीनंतर गाडी कारखान्याच्या वाटेला लागते, ते उन्हाळ्यात परत. ती म्हणाली, “सर, शाई कशाला पायजे? आमच्याकडं तर कळतंयच की. तांड्याची मतं किती पडली ते मुकादमाला पेटीवरून कळतंय. आई म्हणती, उचल त्याच्याकडून घेतलीय, तर मत दुसरीकडं कसं टाकायचं?”

वर्ग गप्प झाला, मीही. ती चुकीचं बोलत नव्हती. आपल्याकडे एका माणसाचं मत दिसत नाही; ती तजवीज चांगली आहे. पण मोजणी केंद्रवार होते आणि केंद्रवार आकडे जाहीर होतात. ज्या केंद्रावर एक वाडी, एक तांडा, एक वस्तीच मतदान करते, तिथे केंद्राचा आकडा म्हणजे वस्तीचं मत. बीड लोकसभेचा २०२४ चा निकाल साडेसहा हजारांच्या फरकाने लागला. इतक्या अटीतटीत कुठल्या गावाने काय केलं याचे हिशेब पारावर महिनोन् महिने चालतात, आणि त्या हिशेबात पाण्याचा टँकर, रस्ता, उचल, सगळं येतं.

यावर उपाय सुचवला गेलेला आहे. ‘टोटलायझर’ नावाचं जोडयंत्र १४ केंद्रांच्या यंत्रांची एकत्र बेरीज दाखवतं, सुटे आकडे दाखवत नाही. निवडणूक आयोगाने २००८ मध्ये त्याचा प्रस्ताव दिला, विधी आयोगाने २०१५ च्या २५५ व्या अहवालात शिफारस केली, केंद्र सरकारने विरोध केला. केंद्रवार आकड्यांमुळे हिशेब तपासता येतो, हा उलट बाजूचा मुद्दाही खरा आहे. नमुना १७-क, म्हणजे केंद्रावर नोंदलेल्या मतांचा हिशेब, त्याच्याशी ताळा तिथेच जुळतो. तरी धारूरच्या त्या मुलीच्या आईपुढे उभं राहून मला विचारलं तर मी टोटलायझरच्या बाजूने उभा राहीन.

इथे मला माझी एक गोष्ट सांगावी लागली. काही वर्षांपूर्वी बालाघाटाच्या डोंगरातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी केंद्राध्यक्ष होतो. रात्री मुक्काम, पहाटे अभिरूप मतदान, सात वाजता रांग. वेबकास्टिंगचा कॅमेरा दाराच्या वर बसवून दिलेला. मतदान कक्ष त्याच्या नजरेत येत नाही याची खात्री मी केली होती, नियमाप्रमाणे. दहाच्या सुमारास एक म्हातारी आली. शाई लावली, आत गेली, आणि बीप वाजेना. मी जागेवरूनच विचारलं, “आजी, काय झालं?” तिने वर कॅमेऱ्याकडे बोट केलं. “त्येला दिसतंय का?” मी सांगितलं, नाही दिसत आजी, खरंच नाही दिसत. तिने माझं ऐकलं, मान हलवली, आणि तरीही डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी फाकवून यंत्रावर मंडपासारखा धरला. मग बीप वाजला.

माझ्या त्या दिवसाच्या दैनंदिनीत ही घटना नाही. तिथे तिच्यासाठी रकानाच नव्हता. नियमाने सगळं बरोबर होतं आणि तिच्या लेखी काहीच बरोबर नव्हतं. जॉर्जियातल्या एखाद्या निरीक्षकाने ती पाहिली असती तर अर्जावर कुठे खूण केली असती, हा प्रश्न मी वर्गाला घातला. दोन दिवस त्यावर वाद झाला.

आपल्याकडे का येत नाहीत

हा प्रश्न प्रत्येक तुकडी विचारते. येतात, पण पाहुणे म्हणून. २०२४ च्या लोकसभेला आयोगाच्या आमंत्रणावरून २३ देशांतले ७५ प्रतिनिधी आले, सहा राज्यांत फिरले, त्यांत महाराष्ट्रही होता. ते बहुतेक त्यांच्या त्यांच्या देशातल्या निवडणूक यंत्रणांचे लोक होते. आपली व्यवस्था समजून घ्यायला आलेले, मोजमाप करायला नव्हे.

उलट बाजूने आपला माणूस फार आधी गेलेला आहे. १९५३ साली सुदानच्या पहिल्या संसदीय निवडणुकीसाठी सात जणांचा मिश्र आयोग नेमला गेला: तीन सुदानी, एक इजिप्तचा, एक ब्रिटिश, एक अमेरिकी आणि अध्यक्ष भारताचे सुकुमार सेन. त्याच सेनांनी त्याआधी १९५१-५२ ची आपली पहिली सार्वत्रिक निवडणूक घेतली होती, जिच्यात मराठवाडा हैदराबाद राज्याचा भाग म्हणून पहिल्यांदा मत द्यायला उतरला. माझ्या मुलांच्या पणजोबांच्या मतदानाची व्यवस्था लावणारा माणूस पुढच्याच वर्षी सुदानमध्ये होता, हे कळल्यावर वर्गातली हवा बदलली. निरीक्षण म्हणजे गोऱ्यांनी आपल्याला मार्क देणं, हा समज तिथे सैल झाला.

पुढे काय झालं

जॉर्जियाच्या नव्या संसदेवर विरोधकांनी बहिष्कार घातला. २८ नोव्हेंबरला युरोपीय संसदेने निकाल नाकारून आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली पुन्हा निवडणुकीची मागणी केली. त्याच दिवशी जॉर्जिया सरकारने युरोपीय संघातल्या प्रवेशाची बोलणी २०२८ अखेरपर्यंत बाजूला ठेवल्याचं जाहीर केलं आणि तिबिलिसीचे रस्ते भरले. ओडीरचा अंतिम अहवाल २० डिसेंबरला आला. ऑक्टोबर २०२५ च्या स्थानिक निवडणुकीचं आमंत्रण ओडीरला महिनाभरही राहिला नसताना मिळालं. इतक्या उशिरा अर्थपूर्ण निरीक्षण शक्य नाही, असं सांगून ओडीर गेलं नाही.

आमच्या वर्गाने शेवटी स्वतःचा निरीक्षण अर्ज तयार केला आणि वर्गप्रतिनिधीच्या निवडीला वापरला. जोडीने दोन-दोन निरीक्षक. बाकीचे प्रश्न सहज ठरले, एक अडला: ‘मतदार मत देताना संकोचलेला दिसला का?’ जोडीतल्या दोघांनी एकाच मुलाबद्दल दोन वेगळ्या खुणा केल्या. मग लक्षात आलं की संकोच डोळ्याला वेगवेगळा दिसतो; विचारायचं ते दिसेल असं विचारायला हवं. तासभर खाडाखोड चालली. धारूरच्या मुलीने सुचवलेलं वाक्य सगळ्यांनी ठेवलं: ‘मतदाराने मत देण्याआधी मागे, वर किंवा बाजूला पाहिलं का? यंत्र किंवा कागद हाताने, कपड्याने झाकला का?’ समोर दोन चौकटी, हो आणि नाही. खाली तिने स्वतःच्या अक्षरात एक ओळ जोडली: कुणाकडे पाहिलं ते लिहा.